वरचे पस्तीस टक्के

दिनांक १० फेब्रुवारी २०३८, बुधवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतील सत्त्वदा न्यूट्रिशन्स या कारखान्यात, पॅकिंग विभागाच्या मोजणीयंत्रावर ५,००० हा आकडा स्थिर झाला आणि पट्टा थांबला. 'एकदाच' या नव्या कॅप्सूलची पहिली व्यापारी बॅच पूर्ण झाली होती. गुणवत्ता विभागाचे प्रमुख धन्यकुमार उपाध्ये यांनी चष्मा कपाळावर सरकवला, बॅचची नोंदवही पुढे ओढली आणि सदतीस वर्षांच्या सवयीने प्रत्येक रकान्याखालून बोट फिरवीत ती वाचायला सुरुवात केली.

"काका, सही करा की," दारात उभे राहून भरतेश शिरगुप्पे म्हणाला. कारखाना त्याच्या वडिलांनी उभारलेला; आता तो मालक होता, पण उपाध्यांना तो लहानपणापासून काकाच म्हणत असे. "खाली पेढे गार व्हायला लागलेत."

"पेढे गारच असतात, भरतेश."

"तुमच्या बोटाखाली सापडलं की सगळंच गार होतंय. करा निवांत."

उपाध्यांचे बोट सातव्या रकान्याशी आले आणि समाधानाने पुढे सरकले. जीवनसत्त्वांच्या कारखान्यातला हा एक रकाना बाहेरच्या जगाला ठाऊक नसतो. त्याला ओव्हरेज म्हणतात. जीवनसत्त्व ही नाजूक वस्तू आहे. उष्णतेने, दमट हवेने, उजेडाने ते गोळीतल्या गोळीत झिजत जाते. डबीवर शंभर एकक लिहिले असेल, तर मुदत संपण्याच्या दिवशीही त्या गोळीत शंभर एकक सापडले पाहिजेत. म्हणून भरतानाच एकशे तीस, एकशे पस्तीस भरायचे. दूधवाला माप भरून झाल्यावर वर एक धार सोडतो, त्यातलाच हा प्रकार. त्यात लबाडी नव्हती. ग्राहकाला दिलेला शब्द शेवटच्या दिवसापर्यंत पाळण्याची ती तजवीज होती, आणि उपाध्ये तिच्या बाबतीत कारखान्यात सर्वांत कडक होते. हाताखालच्या मुलांना ते सांगत, "कमी भरलं तर चोरी. जास्त भरलं तर धर्म."

सातव्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात लिहिले होते: ओव्हरेज, पस्तीस टक्के. त्यांनी सही केली.

*

'एकदाच'मध्ये जीवनसत्त्व नव्हतेच. तिच्यात जीवनसत्त्व तयार करणारा जंतू होता.

कल्पना कंपनीच्या पुण्यातील संशोधन शाखेची. तेथील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. आश्लेषा बिडकर यांनी माणसाच्या आतड्यात निरुपद्रवीपणे राहणारा एक जंतू निवडून त्याला दोन कामे शिकवली होती: बी-बारा हे जीवनसत्त्व बनवायचे आणि अ जीवनसत्त्वही बनवायचे. हा जंतू सुप्तावस्थेत, बियाण्यासारखा, कॅप्सूलमध्ये भरला जाई. ती एकदा गिळली की तो आतड्याच्या अस्तरावर लहान लहान वस्त्या करून आयुष्यभर राही. रोजची गोळी नको, महिन्याचे इंजेक्शन नको.

अडचण एकच होती. बी-बारा पाण्यात विरघळते. जास्त झालेले लघवीवाटे निघून जाते. अ जीवनसत्त्व मात्र स्निग्ध पदार्थात विरघळते. ते यकृतात साठते आणि प्रमाणाबाहेर साठले की विष होते. म्हणून डॉ. बिडकरांनी जंतूला एक लगाम घातला होता. भोवतालचे अ जीवनसत्त्व पुरेसे झाले, की ते तयार करणारे जनुक आपोआप मिटायचे; कमी झाले की उघडायचे. पुण्यात तीनशे माणसांवर दोन वर्षे चाचणी झाली. लगाम एकदाही सुटला नाही.

ही सारी माहिती उपाध्यांना तोंडपाठ होती. त्यामुळेच शनिवारी एक कॅप्सूल खिशात घालून घरी येताना त्यांच्या मनात शंका नव्हती. होती ती एका वेगळ्याच गोष्टीची धास्ती. कॅप्सूल त्यांच्या थोरल्या बहिणीसाठी होती.

कुसुमावती आक्का एकाहत्तर वर्षांच्या. तिसाव्या वर्षी पती गेले तेव्हापासून भावाकडे राहणाऱ्या. आई लवकर गेल्यामुळे धन्यकुमारला त्यांनीच वाढवलेले. दहा वर्षांपूर्वी त्यांनी आर्यिका माताजींकडून, म्हणजे जैन साध्वींकडून, व्रते घेतली होती. एक दिवसाआड उपवास, आणि जेवायच्या दिवशी एकच वेळ, तेही सूर्य बराच वर असताना. पिण्याचे पाणी त्या अंगणातल्या आडातून स्वतः काढत, दुहेरी कापडातून गाळत, आणि कापडात अडकलेले डोळ्यांना न दिसणारे जीव पुन्हा हलक्या हाताने त्याच आडात सोडत. गाळणे कुणीही करते, त्या म्हणत. परत सोडणे महत्त्वाचे.

गेल्या वर्षभरात त्यांच्या पावलांची जाणीव गेली होती. चप्पल पायातून निसटली तरी कळत नसे. बी-बारा जवळजवळ शून्यावर आलेले. इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या, आणि उपवासांमुळे गोळ्यांचे सातत्य राहीना. डॉक्टरांनी सांगितले होते की असेच चालले तर सहा महिन्यांत त्या अंथरुणाला खिळतील.

"हे काय आणि?" आक्कांनी तळहातावरची कॅप्सूल चष्म्याजवळ धरून विचारले.

"पायांसाठी. एकदाच घ्यायची. परत कधी नाही."

"कवच कसलं?"

"वनस्पतीचं. जनावराचं काही नाही त्यात. आमच्या कारखान्यात ते चालतच नाही."

"ते ठाऊक आहे मला. आत काय आहे?"

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली पत्नी राजमती उपाध्यांकडे पाहत होती. वाटेत त्यांनी उत्तर दोन-तीनदा घोळवले होते. खरे सांगितले असते तर आक्कांनी कॅप्सूल परत त्यांच्या खिशात घातली असती, आणि पुढचा पावसाळा खाटेवरून पाहिला असता.

"भुकटी," ते म्हणाले. "क्षार आणि भुकटी."

"जीव नाही ना काही?"

"नाही, आक्का."

त्यांनी गाळलेल्या पाण्याबरोबर ती गिळली. "तू म्हणतोस म्हणजे नसणार," असे म्हणून जपमाळ उचलली.

*

चार महिने सुखाचे गेले. मे महिन्यात आक्का अंगणात तुळशीपर्यंत काठीवाचून चालल्या. राजमतीने कौतुकाने म्हटले, "वन्सं आता मला मागं टाकून बाजारला जाणार." आक्का म्हणाल्या, "तुला मागं टाकायला बाजार कशाला हवा, तू घरातच मागं असतेस." उपाध्ये त्या दिवशी कारखान्यात कारण नसताना हसतमुख होते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली तक्रार आली. जयसिंगपूरच्या एका शिक्षिकेचे केस मुठीने गळत होते. मग इचलकरंजीहून तिघांची: सततची डोकेदुखी, ओठांची सालपटे, हाडांत ठणका. जुलै संपेपर्यंत एकशे सत्तर तक्रारी झाल्या. रक्त तपासले. अ जीवनसत्त्वाचे प्रमाण दर डेसिलिटरला ऐंशी मायक्रोग्रॅमच्या आत हवे. कुणाचे एकशे वीस होते, कुणाचे एकशे पन्नास. पुण्याच्या तीनशे जणांची पुन्हा तपासणी झाली. ते सारे ठणठणीत होते.

विक्री थांबली. तोपर्यंत ४,११२ माणसांनी 'एकदाच' घेतली होती.

"डिझाइनच चुकलंय," बैठकीत भरतेश म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. पण त्याने डॉ. बिडकरांकडे पाहायचे टाळले. "लगाम कच्चा निघाला. तसंच लिहून कळवू या नियामक मंडळाला. दुसरं काय असणार?"

डॉ. बिडकर चाळिशीच्या होत्या. दोन रात्रींच्या जागरणाने त्यांचा चेहरा ओढलेला दिसत होता. "लगाम कच्चा असता तर पुण्यातही सुटला असता," त्या म्हणाल्या. "जंतू तोच आहे. मी जनुके तपासली, एक अक्षर बदललेलं नाही. इथल्या आणि तिथल्या कॅप्सूलमध्ये काहीतरी फरक आहे, आणि तो मला सापडत नाही."

उपाध्ये उठले. आपल्या खोलीत जाऊन त्यांनी पुण्याच्या चाचणी बॅचची नोंद आणि कुपवाडच्या बॅचची नोंद शेजारी शेजारी ठेवली आणि दोन्हींवर दोन बोटे एकाच वेळी खाली आणायला सुरुवात केली. सातव्या ओळीवर डावे बोट थांबले. पुण्याच्या नोंदीत सातवा रकानाच नव्हता.

"बाई," परत येऊन त्यांनी विचारले, "एका कॅप्सूलमध्ये जंतू किती हवेत?"

"एक अब्ज. कागदावर लिहिलं आहे, सर."

"एक अब्ज पस्तीस कोटी असले तर?"

डॉ. बिडकरांनी समोरचा पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला. "कोणी घातले?"

"मी. ओव्हरेज. मुदतीच्या शेवटी कमी पडू नयेत म्हणून."

"सर, ते बियाण्यासारखे आहेत. दोन वर्षांत शंभरातला एकही मरत नाही. तुम्ही वाढवाल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"आणि आम्ही न वाढवता भरू, हे आमच्या डोक्यात येत नाही," उपाध्ये म्हणाले.

मग डॉ. बिडकरांनी जे सांगितले, ते साखर कारखान्याच्या सभांना जाऊन आलेल्या कोणालाही समजण्याजोगे होते. सभेला गणपूर्ती लागते. ठरावीक संख्येने सभासद जमले नाहीत, तर ते गप्पा मारतात, चहा पितात, घरी जातात. ठराव होत नाही. संख्या भरली की तीच माणसे ठराव करतात आणि तो साऱ्यांवर बंधनकारक होतो. जंतूंचेही तसेच असते. प्रत्येक जंतू एक रासायनिक खूण बाहेर सोडतो. भोवताली ती खूण किती दाटली आहे यावरून आपण किती जण आहोत हे त्याला कळते. पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत संख्या एक अब्ज वीस कोटींच्या खाली राहिली, तर हे जंतू विखुरतात, लहान वस्त्या करतात आणि लगाम पाळतात. त्या आकड्याच्या वर गेली, की ते एकत्र येऊन चिकट पटल विणतात आणि त्याच्या आत राहू लागतात. एकदा विणलेले पटल आपण होऊन मोडत नाही. आतल्या जंतूला बाहेर साठलेले अ जीवनसत्त्व जाणवत नाही. तुटवडाच आहे असे समजून तो इमानाने बनवीत राहतो.

"म्हणजे लगाम शाबूत आहे," उपाध्ये म्हणाले.

"लगाम शाबूत आहे. त्यांना तो ओढलेला कळत नाही."

भरतेशने खुर्ची मागे ढकलली. "काका, हे या खोलीतच राहू दे. डिझाइन चुकलं म्हटलं तर संशोधनातली चूक होते. जगात होत असते. कारखान्याची चूक म्हटली तर परवाना जातो. तीनशे घरं आहेत या पगारावर."

"आणि बाईंचं काय?"

संध्याकाळी पाच वाजता नियामक मंडळाला गेलेल्या अहवालात कारण या शीर्षकाखाली उपाध्यांनी स्वतःच्या हाताने एकच वाक्य लिहिले: उत्पादनाच्या वेळी गुणवत्ताप्रमुखाने घातलेले पस्तीस टक्के ओव्हरेज. खाली सही केली. भरतेश तेव्हापासून त्यांना उपाध्येसाहेब म्हणू लागला.

*

उपाय होता. डॉ. बिडकरांनी जंतू घडवतानाच त्याला मारणारे औषध ठरवून ठेवले होते. पटल तयार झालेले असल्याने ते चौदा दिवस घ्यावे लागणार होते, इतकेच. मंडळाने कारखान्याचे उत्पादन थांबवून आदेश दिला: चार हजार एकशे बारा माणसांपैकी प्रत्येकाला शोधा, औषध द्या, तपासा. जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही हे सिद्ध झाले होते, तरी जिवंत उत्पादनाचा नियम स्पष्ट होता. या बॅचच्या शिल्लक वाहकांची संख्या शून्य झाल्याखेरीज परवाना परत नाही.

आक्कांचे ओठ जुलैतच सोलवटू लागले होते, केसही विरळ झाले होते. डोके दुखते असे त्या कधी बोलल्या नाहीत. फक्त जप करताना कपाळ भिंतीला टेकवीत. उपाध्यांनी खरे कारण न सांगता रक्त तपासून घेतले. एकशे चौसष्ट.

ऑगस्टमधल्या एका सकाळी, आक्का आडाजवळ पाणी गाळत असताना, ते शेजारच्या दगडावर जाऊन बसले.

"आक्का, त्या कॅप्सूलमध्ये भुकटी नव्हती."

त्यांनी कापड आडावर धरून हळूच पाण्यात बुडवले. "मग?"

"जीव होते."

"किती?"

असा प्रश्न येईल असे त्यांना वाटले नव्हते. "एक अब्ज पस्तीस कोटी. आता त्याहून पुष्कळ झाले असतील."

आक्कांनी कापड पिळले नाही; निथळत तसेच दांडीवर टाकले. बराच वेळ त्या ओले हात पदराला न पुसता उभ्या राहिल्या. उपाध्यांनी लगाम, पटल, यकृत, चौदा दिवस, सारे क्रमाने सांगितले. आपले वाक्य कुठे अडखळत नाही याची त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती.

"म्हणजे आता औषध घेऊन त्यांना मारायचं," आक्का म्हणाल्या.

"मागं तू न्यूमोनियाला औषध घेतलंस की. तेही जंतूच होते."

"ते आपणहून आले होते. हे आले नाहीत, धन्या. तू आणून बसवलेस, आणि मी हातानं गिळले. त्यांना घर दिलं आपण. आता घर मोडतंय म्हणून त्यांना जाळायचं?"

"त्यांना जाणीव नसते, आक्का. मज्जातंतू नाहीत, काही नाही."

"तूच म्हणालास, किती जण आहेत ते त्यांना कळतं म्हणून."

आक्कांनी घागर उचलली. "पुढं काही देशील ते मला सांगून दे. एवढंच कर," त्या म्हणाल्या, आणि हळूहळू आत गेल्या.

राजमती दुसऱ्या दिवशी रिक्षा करून माताजींच्या दर्शनाला गेली आणि आनंदाने परतली. "वन्सं, माताजी म्हणाल्या, उपचाराला हरकत नाही. देह राखणं हाही धर्मच. त्यांच्या संघातल्या दोघींनी घेतलं औषध."

"त्यांचं बरोबर आहे," आक्का म्हणाल्या. "हरकत नाही म्हणाल्या. घेच असं नाही ना म्हणाल्या?"

"हे सल्लेखनेसारखं, अन्नपाणी सोडून देह ठेवण्यासारखं झालं, वन्सं."

"अगं, त्याला गुरूंची आज्ञा लागते, तयारी लागते. मी काही मरायला बसलेली नाही. भूक लागली की जेवते. मी फक्त मारणार नाही."

*

ऑक्टोबरअखेर मंडळाच्या तक्त्यात उपचारांती जंतुमुक्त झालेल्या व्यक्तींची संख्या ४,१११ झाली. शोधपथकांनी दुबईला गेलेला एक इंजिनिअर आणि कारवारच्या बोटीवरचा एक खलाशीसुद्धा हुडकून काढला होता. उरलेले एक नाव उपाध्यांच्या घरातले होते.

डॉ. बिडकरांचा फोन आला. "सर, यकृताचा अहवाल पाहिला. अजून वेळ गेलेली नाही. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सुरू झालं तर यकृत भरून येतं. त्यानंतर ते दगडासारखं होत जाईल." मग त्यांनी विचारले, "त्या तुमच्यावर रागावल्या आहेत का?"

"नाही. तेच अवघड आहे."

त्याच आठवड्यात भरतेश घरी आला. येताना त्याने केळी आणली होती. आक्कांना वाकून नमस्कार केला, त्यांच्याशी पाऊसपाण्याचे बोलला, औषधाचा विषय काढला नाही. निघताना फाटकाशी उपाध्यांना म्हणाला, "उपाध्येसाहेब, तीनशे माणसं तीन महिने घरी बसलीयत. मी आक्कांना काही बोलणार नाही, माझ्या आईनं त्यांच्या पायाशी बसून स्वाध्याय केलाय. पण कडू औषध झाकायचं तुमच्याइतकं कुणाला जमतंय सांगा? मुलांची लोहाची गोळी तुम्ही चॉकलेटसारखी केलीत. दुधात चौदा दिवस. त्यांना कळणार पण नाही. त्या जगतील, साहेब. याच्यापुढं काय आहे?"

उपाध्ये फाटकाची कडी धरून उभे राहिले. राजमतीने ओसरीवरून सगळे ऐकले होते. ते आत आल्यावर ती एवढेच म्हणाली, "एकदा खोटं बोलून घातलंत. आता एकदा खोटं बोलून काढा."

बंद कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीन दुपारी काम केले. औषध दळले, बारीक चाळणीतून काढले, प्रत्येक कणावर वनस्पतिजन्य मेणाचा, उपवासाच्या दिवशीही औषध पाझरत राहील असा पापुद्रा चढवला. चौदा दिवसांतल्या सात जेवणांसाठी सात पुड्या बांधल्या. चौथ्या दिवशी स्वतः दुधात घालून प्यायले. चव फक्त दुधाची होती. इतके निर्दोष काम सदतीस वर्षांत आपल्या हातून झाले नसेल असे त्यांना वाटून गेले.

सहा नोव्हेंबरला आक्कांचा जेवणाचा दिवस होता. दुपारचे साडेचार झाले होते. त्या भिंतीला टेकून पाटावर बसल्या होत्या. हात आता पिवळट दिसत आणि घास उचलताना थरथरत. भात संपल्यावर उपाध्यांनी दुधाचा पेला त्यांच्यापुढे ठेवला. दारातून राजमती पाहत होती.

आक्कांनी पेला उचलला. काही विचारले नाही. ऑगस्टपासून त्या घरातल्या कुणालाही, पाण्याबद्दलसुद्धा, 'हे काय आहे' असे विचारीत. ज्याने विचारायला लावले होते त्यालाच आज त्या विचारीत नव्हत्या.

"आक्का, विचारत नाहीस?" त्यांच्या तोंडून निघून गेले.

"तू दिलंस ना. तुला मी सांगितलंय, सांगून दे म्हणून. काही असतं तर सांगितलं असतंस."

पेला ओठांशी गेला. पाऊण मिनिट गप्प राहायचे होते. तेवढेच चौदा दिवस, दर जेवणाला. मग केस पुन्हा आले असते, ओठ भरले असते, डॉ. बिडकरांचा अहवाल स्वच्छ आला असता, आणि त्यांच्या बहिणीला मरेपर्यंत कळले नसते की आपल्या आतली अब्जावधींची वस्ती आपण स्वतः पिऊन टाकली.

"यात औषध आहे," ते म्हणाले.

आक्कांनी पेला खाली ठेवला. दूध जराही सांडले नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली की थकवा, हे उपाध्यांना ओळखता आले नाही.

"बरं झालं सांगितलंस, धन्या," त्या म्हणाल्या. "नाहीतर मला यापुढं तुझ्या हातचं जेवायला भीती वाटली असती. आणि तुझ्याशिवाय भरवणार कोण?"

राजमतीने पुढे येऊन पेला उचलला, मोरीत ओतला आणि पाण्याने पुन्हा पुन्हा विसळला. मग नवऱ्याकडे न पाहता म्हणाली, "बोलला नसतात तर जगल्या असत्या."

ते खरे होते. ते खोडून काढण्याचा त्यांनी त्या दिवशी प्रयत्न केला नाही, आणि नंतरही कधी केला नाही.

*

हिवाळाभर उपाध्यांनी बहिणीला भरवले. कारखान्याने त्यांना निवृत्त केले होते. भरतेशने निरोपाची शालही पाठवली होती, ड्रायव्हरबरोबर. रोज सकाळी ते आडाचे पाणी काढून दुहेरी कापडातून गाळत आणि कापड आडात बुडवून परत घेत. आक्का खिडकीतून पाहत आणि कधी सांगत, "घाई नको. सावकाश सोड."

फेब्रुवारीत पोटात पाणी साठले. एकदा त्या म्हणाल्या, "मी गेले की त्यांचं काय होईल?"

"तेही जातील, आक्का."

"म्हणजे शेवटी मारलेच."

"नाही," उपाध्ये म्हणाले. "तू नाही मारलेस. मीच मारले. बसवले तेव्हाच."

आक्का भावाच्या मनगटावर हात ठेवून पडून राहिल्या. राजमती बाजूला पाय चेपत होती; ती तीन महिन्यांत नवऱ्याशी कामापुरतेच बोलली होती, आणि त्या दिवशीही तिने फक्त दिवा कुठे ठेवू एवढे विचारले.

पाच मार्चला सकाळी आक्का गेल्या. दुपारी कृष्णाकाठी दहन झाले.

अकराव्या दिवशी मंडळाचा कागद आला. ओव्हरेजचा अहवाल ज्याच्या सहीने गेला होता, त्याच्याच सहीने अंतिम तक्ता भरायचा होता. तक्त्यात तीन रकाने होते. मृत व्यक्तींसाठी वेगळा रकाना नव्हता, कारण मृत व्यक्ती वाहक राहत नाही. राजमतीने पेन आणून पुढ्यात ठेवले. उपाध्यांनी चष्मा कपाळावर सरकवला नाही. या वेळी तो डोळ्यांवरच ठेवून, बोट न लावता, त्यांनी आकडे लिहिले.

सेवन केलेल्या व्यक्ती: ४,११२.

उपचारांती जंतुमुक्त: ४,१११.

शिल्लक वाहक: ०.